काळ्या माशाचा डावा डोळा

—नाही नाही, पिशवी अशी उन्हात धरू नका, मॉककाका, इकडे द्या, आणि तुम्ही त्या स्टुलावर बसा बघू. हं. डावा डोळा ना? पांढरा पडलाय खरा. पण उजवा बघा कसा लखलखीत — बघा म्हणजे, मी सांगते ना, आहे लखलखीत. दोन्ही डोळे एकदम गेले असते तर म्हटलं असतं, पाणी बिघडलं. एकच गेला म्हणजे कुठेतरी आपटला. या जातीचे डोळे हे असे गोट्यांसारखे बाहेर, त्यात दिसतं कमी, आणि तुमच्या टाकीत तो दगडी पॅगोडा — मीच विकलेला, माहितेय मला! थांबा, टॉर्च तिरपा मारते… हा काय, ओरखडा! वेगळ्या टाकीत ठेवायचा, रोज थोडं पाणी बदलायचं, चिमूटभर मीठ — आठ-दहा दिवसांत उतरेल पांढरेपणा. नाहीच उतरला तरी एका डोळ्याने मजेत जगेल. झालं! यात हसण्यासारखं काय आहे?

माहितेय मला का हसताय. सुनेचा फोन आला होता तुमच्या. तीन वाजता काचबिंदूचं ऑपरेशन, आणि तुम्ही घरातून निघालात ते थेट इथे! डॉक्टर म्हणतो, आणखी लांबवलं तर उरलीसुरली नजरही जाईल — आणि तुम्ही म्हणताय, आता गरजच नाही, माझ्या डोळ्यावरचं माशाने आपल्या डोळ्यावर घेतलं. अहो, काळा मासा घरावरचं संकट अंगावर घेतो, हे तुम्हाला सांगितलं कोणी? …हो, मीच. याच गल्ल्यामागे बसून सांगितलं. माझे वडील सांगायचे, माशांच्या दुकानांची ही सबंध गल्ली सांगते. नाहीतर लाल-सोनेरी सोडून हा कोळसा कोण नेणार घरी? पण म्हणून डोळा पणाला लावतं का कुणी?

काय? अकरा वर्षं इमान राखलं त्याने? कसली अकरा वर्षं, काका, हा जेमतेम दोन—

काही नाही. शेपटी लहान दिसली म्हणून म्हटलं. काहींची लहानच राहते. तुम्ही लेमन टी घेता का? मागवते…

असं तोंड नका करू हो. बरं. सांगते. काकू यायच्या. तुम्ही माजाँग खेळायला गेलात की यायच्या, मेलेला मासा रुमालात गुंडाळून. मला म्हणायच्या, ‘सिऊ-फोंग, अस्साच दे, शेपटीला अश्शीच घडी हवी.’ मासा मेला की मुकाट्याने तसाच दुसरा आणून सोडायचा, सगळेच करतात, त्यात काय — पण बाकीच्या बायका पाच मिनिटांत घेऊन जातात, काकू तासभर निवडायच्या. चार वेळा. ‘यांना कळलं तर घाबरतील, जेवायचे नाहीत.’ आणि तोंड उघडलंच आहे तर हेही ऐका — मासे संकट घेत असते, तर चार-चार मासे मेले, त्यातल्या एकाने तरी काकूंचं का नाही घेतलं? त्या का गेल्या? मला लाज वाटते, काका. त्या गेल्यापासून ते संकट घेण्याचं वाक्य मी एकाही गिऱ्हाइकाला म्हटलेलं नाही.

उठू नका असे, धडपडाल. मोठ्याने बोला… हा मासा? हो. हा त्यांनीच निवडलेला. शेवटचा. हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या आठवड्यात. दम लागत होता, टाकीला हात टेकून उभ्या होत्या. मी म्हटलं, घ्या हो कुठलाही, काकांना कुठे नीट दिसतंय! तर म्हणाल्या, ‘दिसतं तेवढं त्याच्याकडेच बघत असतात.’

…घ्या, हा रुमाल घ्या. नाही, पिशवी नाही मिळायची. अडीच वाजून गेलेत. याला पुन्हा बघायचंय ना? मग याचा डोळा माझ्याकडे राहू दे, तुमचा तिकडे घेऊन जा. ए टॅक्सी — थांब! — काका, पायरी आहे. निघा. काही बोलू नका आता, निघा.