सहावा अंक कोणाकडे अडकला होता

सन्माननीय अध्यक्षा थिओडोरा वास्को, ज्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पिट्सबर्गमधली निम्मी कॉमिक्स आकाराला आली. हे सभागृह मोकळ्या मनाने देणारे आणि आमच्या राक्षसांच्या कथा वाचूनही आमच्यासाठी प्रार्थना करणारे फादर लेशेक. आजचे सत्कारमूर्ती चित्रकार रुडी हाव्रानेक, त्यांच्या पत्नी पेग. आणि समोर बसलेले, बोटांची शाई कधीच न निघणारे माझे सगळे सोबती,

मी लोरेन कुबिश, लेखिका. मला साधी खुर्चीसुद्धा काढता येत नाही. ज्यांना येते त्यांच्या जिवावर गेली एकवीस वर्षं माझं नाव मुखपृष्ठावर छापून येतंय, तेही त्यांच्या नावाच्या वर.

रुडी पुढच्या आठवड्यात कायमचा टूसॉनला, मुलीकडे राहायला चाललाय. मला संयोजकांनी आठ मिनिटं दिली आहेत आणि हसरं बोल म्हणून बजावलंय. हसरं बोलायचं काम थिओडोराबाईंनी आधीच उत्तम केलं. त्या म्हणाल्या, "रुडीने वेळेवर पानं दिली असती तर तो चार वर्षांपूर्वीच निवृत्त झाला असता." सगळं सभागृह हसलं. रुडीही हसला. मीही हसले, आणि त्याच क्षणी लिहून आणलेल्या भाषणाचा पहिला कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला.

आपल्या धंद्यात उशीर झाला की तो चित्रकाराचा, हे आपण सगळे धरूनच चालतो, नाही का? चित्रकाराला एका पानाला दिवस लागतो, रुडीसारख्याला दीड. लेखक दिवसात पाच पानं खरडतो. हे गणित ज्या लेखकाला कळलं त्याचा तोल गेलाच म्हणून समजा. त्याला वाटतं, माझ्याकडे वेळच वेळ आहे, मग एकाच चुलीवर का बसायचं? माझ्या एका वेळी पाच चुली पेटलेल्या होत्या. गस टेडेस्कोबरोबर भुतांची मालिका, जुळ्या बहिणींबरोबर मुलांचं पुस्तक, एका संग्रहातली कथा, एक रूपांतर आणि रुडीबरोबरची नदीची गोष्ट. आमची नायिका मोनोंगाहेला नदीवर कोळशाचे पडाव ढकलणारी बोट चालवते. सहा अंकांची गोष्ट. पाच आले, पाचवा येऊन चार वर्षं झाली.

पाच चित्रकारांना एकाच वेळी पूर्ण संहिता देणारा लेखक मी तरी पाहिलेला नाही. आम्ही चार-चार पानं वाढतो. आता वाढायचं कोणाला आधी? पंगतीत जो ताट वाजवतो त्याला. गस, तू तिसऱ्या रांगेत बसला आहेस, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्यासारखं ताट कोणी वाजवलं नाही. "लोरेन, मी काय भिंती रंगवू का?" असा याचा सोमवारी सकाळी फोन. गसला पानं मिळत. जुळ्या बहिणी आळीपाळीने रडत, त्यांना मिळत. रुडी चार वर्षांत एकदाही बोलला नाही. तो म्हणे, "तुझं होईल तेव्हा दे गं, घाई नाही." मी बाई इतकी शहाणी, की मी ते खरं मानलं.

मग कोलंबस शहरातल्या कॉमिक्सच्या मेळ्यात आम्ही दोघं शेजारी शेजारी टेबल मांडून बसलो होतो. एक वाचक आला, पाचही अंक काखेत. त्याने विचारलं, सहावा कधी? माझ्या तोंडून पटकन निघालं, "चित्रं चालू आहेत." सहाव्या अंकाचा एक शब्दही मी तोवर लिहिलेला नव्हता. चित्रं कशाची चालू असणार? रुडी पेन्सिलीला टोक काढत होता. त्याने मान वर केली आणि त्या वाचकाला म्हणाला, "हो, थोडं माझ्याकडे अडकलंय."

मला सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, पुढच्या महिन्यात लिहूनच टाकू, मग सांगायची वेळच येणार नाही. पुढच्या महिन्यात गसची पानं होती. ते उत्तर मात्र टेबलावरून टेबलावर फिरत गेलं. रुडी रेंगाळतो, रुडीच्या भरवशावर राहू नका. चार वर्षांत त्याला नवं पुस्तक एकानेही दिलं नाही. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी तिघांनी मला विचारलं होतं की रुडीला काम द्यावं का. मी म्हणाले, माणूस फार चांगला आहे. तुम्हाला त्याचा अर्थ कळला, आणि तो तसा कळणार हे मला ठाऊक होतं.

या मार्चमध्ये मी सहावा अंक लिहिला. बावीस पानं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बरं लिखाण. घेऊन त्याच्या घरी गेले. पेगने कोबी-नूडल्सची हलुश्की वाढली, रुडीने जेवण बाजूला सारून सगळं वाचलं आणि म्हणाला, "चांगलं झालंय." मग त्याने कपाटातून एक गठ्ठा काढला. बावीस पानं. नदी, बंधारा, त्याचा लोखंडी दरवाजा, पलीकडचे बंद पडलेले कारखाने, सगळं शाईत पुरं केलेलं. वर संवादांच्या फुग्यांसाठी जागा सोडलेली. मधोमध माणसाच्या आकाराची कोरी जागा, पानागणिक. मी काय लिहीन हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने नायिकेला काढलं नव्हतं.

"म्हटलं, तुझं येईपर्यंत जागा धरून ठेवू," तो म्हणाला.

मी म्हणाले, मग आता काढ की तिला. पेग उठून स्वयंपाकघरात गेली. रुडीने उजवा हात टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. दीड वर्षापासून थरथरत होता, मी दीड वर्षात त्याच्या घरी गेलेच नव्हते.

"पाणी अजून जमतं," तो म्हणाला. "चेहरा नाही जमत."

गस भला माणूस आहे. कळल्यावर तो म्हणाला, मी काढतो तिला. रुडी लगेच हो म्हणाला, तो सगळ्यालाच हो म्हणतो. मी नाही म्हटलं. तो अंक येणार नाही. ज्यांनी पाच विकत घेतले त्यांनी मला शिव्या द्याव्यात, माझा पत्ता प्रत्येक अंकाच्या मागे छापलेला आहे. अध्यक्ष महोदया, आपला विनोद चांगला होता, पण तो माझ्यावर व्हायला हवा होता. रुडी हाव्रानेकने चाळीस वर्षांत एकही पान उशिरा दिलेलं नाही. हे सगळ्यांनी नीट ऐकून घ्यावं आणि जिथे जिथे ते दुसरं पसरलंय तिथे जाऊन सांगावं. त्याचा त्याला आता काही उपयोग नाही, हे मला कळतंय.

आणि मी सुधारले, असं कोणी समजू नये. आज सकाळी गसचा फोन आला, म्हणून इथे निघण्याआधी मी त्याला चार पानं पाठवून दिली. रुडीने भाषणासाठी फोन केला नव्हता. म्हणून रुडीचं भाषण मी बसमध्ये लिहिलं.

आयोजकांचे, स्वयंपाक करणाऱ्यांचे, टेबलभर बिस्किटं भाजून आणणाऱ्या सगळ्या बायकांचे आभार. आठाची अकरा मिनिटं झाली, कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला काही लागलं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. रुडीकडे मी क्षमा मागत नाही. तो लगेच देऊन टाकील.