पहिला शब्द

भावजय : नळ सोडून खोकता तुम्ही, वन्सं. बादली भरून वाहते तरी नळ चालूच. मी काय बहिरी आहे?

नणंद : हळू बोल. विंगेत आवाज घुमतो.

भावजय : घुमू दे. तालमीला अजून कुणी आलेलं नाही. परवा मी बळंच काढायला लावलेला तुमचा स्कॅन डॉक्टरांना दाखवून तडक इथंच आलेय.

नणंद : मला न विचारता?

भावजय : विचारलं असतं तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाला असतात. रुमालाला रक्त लागलं तेव्हा हिरडीवर ढकललंत.

नणंद : क्षय नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं.

भावजय : क्षय नाही, क्षयाच्या भाऊबंदांतला. कुणाला लागत नाही, संथ चालतो. काहींचा वर्षानुवर्षं आहे तिथंच राहतो, काहींचा पसरतो, आणि कुणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून म्हणाले होते, थांबून बघू, अधूनमधून येत राहा. तुम्ही थांबलात तेवढ्या. बघायला गेलात का एकदा तरी?

नणंद : बरं वाटत होतं.

भावजय : बरं? कपडे आत घेऊन घेऊन शिवणीला शिवण भिडली! जिन्यात मध्येच थांबून भिंतीचा रंग न्याहाळता, तो काय हौसेनं?

नणंद : काय म्हणाले ते सांग.

भावजय : तेव्हा नुसते ठिपके होते. आता उजवीकडे, वरच्या बाजूला पोकळी झालीय. तेवढं फुप्फुस गेलं ते गेलंच. आता थांबायचं नाही. तीन औषधं, वर्षाच्या वर. आणि विचारत होते, या खोकला दाबतात का म्हणून.

नणंद : प्रॉम्प्टर खोकली तर प्रयोगाचं मातेरं होतं. सवय आहे मला.

भावजय : तो कफ बाहेर पडायला हवा म्हणे. तुम्ही इमानेइतबारे साठवलात.

नणंद : त्यातलं एक औषध डोळ्यांवर जातं. मी तेव्हाच विचारलं होतं. म्हणून परत गेले नाही.

भावजय : एखाद्यालाच होतं तसं. डोळे तपासत राहतात, फरक दिसला की बंद करतात.

नणंद : आणि तोवर जायचे ते गेले तर? या मिणमिणत्या दिव्यात संहिता कोण वाचणार? दुसरं काय येतं मला?

भावजय : श्वासच उरला नाही, तर डोळे घेऊन काय करणार आहात?

नणंद : काल आईचं काम करणारी अडली.

भावजय : मग?

नणंद : वाक्य समोर होतं. स्वच्छ दिसत होतं. पण तोंड उघडलं असतं तर खोकलाच बाहेर आला असता. ती बिचारी माझ्याकडे बघत उभी. सगळेच बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

भावजय : घरी बोलला नाहीत.

नणंद : तू धरून नेलं असतंस.

भावजय : आत्ताही धरूनच नेणार आहे. आधी खोका.

नणंद : इथं? विंगेत?

भावजय : इथंच.

(नणंद खोकते. बराच वेळ. भावजय तिची पाठ चोळत राहते.)

नणंद : डॉक्टरांपुढे माझं काही खरं नाही. सगळं ठरवून जाते आणि 'बरं आहे' म्हणून उठते.

भावजय : मी बोलेन की.

नणंद : नको. नट अडला की मी त्याचं अख्खं वाक्य म्हणत नाही. पहिला शब्द देते, पुढचं तो म्हणतो. तेवढं कर.

भावजय : कुठला शब्द देऊ?

नणंद : 'भीती.'