चार ब्रॅकेट

"हॅलो?… कोण, डार्ला? बोल गं पोरी… हो, झालं जेवण. काकू चर्चमध्ये गेलीय, सफरचंदाचे पाय भाजायला… हळू बोल, हळू. काय सापडलं?"

वर्लिनने रेडिओ बंद केला. मक्याच्या भावांची बातमी अर्ध्यात तुटली.

"कणसं तोडायचं यंत्र… ट्रॅक्टरच्या दोन्ही अंगांना चढवायचं, तेच ना? कुठे?… नेब्रास्कात, झाडोऱ्यात. अगं, तशी शंभर गंजत पडलीत. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला तेच बसेल असं थोडंच आहे… हो, दोन वर्षं शोधतोय ना मी. जाहिराती देऊन दमलो."

जाहिरात त्याने एकदाही दिली नव्हती.

"खूण? कसली खूण?… डाव्या पत्र्यावर घोड्याचा नाल."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. तो नाल त्याच्या बापाने जोडला होता. म्हणजे हे त्यांचंच जुनं यंत्र. छप्पन साली याच यंत्राच्या रोलरांनी त्याच्या धाकट्या भावाचा, म्हणजे डार्लाच्या बापाचा, उजवा हात मनगटापासून नेला होता.

"ऐकतोय… अगं ऐक ना, तुझ्या बापाला, लाईलला हे दाखवायचंच कशाला?… त्यानेच मागितलं?… शनिवारच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या मेळाव्यात चालवणार? डार्ला, ते चालायचं नाही. आधी ब्रॅकेट लागतात, चार. त्याशिवाय ते ट्रॅक्टरवर चढत नाही, नुसतं भंगार… नाहीत ना तिथे? बघ… विकत घेतलं तेव्हाही नव्हते म्हणतो तिथला मालक? मग मला काय माहीत कुठे गेले."

मागच्या खिडकीतून कोठार दिसत होतं. त्याने खिडकीकडे पाठ केली.

"नको, त्याला फोन नको देऊस… हॅलो? लाईल… बरा आहे. तू?… हं… नाही. शोधत नव्हतो. खोटंच सांगितलं तिला… काय? ब्रॅकेटचं तुला कुणी सांगितलं?… आईने? आईला काय ठाऊक?… दर वसंतात मला त्यांना तेल लावताना बघायची. मग बोलली का नाही मला… आणि तूही बोलला नाहीस?"

त्याने लाईलला बोलणं पुरं करू दिलं नाही.

"मी सांगतो, मध्ये बोलू नकोस. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, आपले हातच बोलायचे. हात वर म्हणजे थांब. हात गोल फिरवला म्हणजे चालू कर. रोलरात मक्याचं ताट अडकलं, तू खाली उतरलास, हात वर केलास. मला वाटलं, फिरवतोयस. मी दांडा ओढला, रोलर फिरले… थांब, संपलं नाही. घरी सांगितलं की यंत्र चालू असताना तूच हात घातलास. बाप तुला मरेपर्यंत मूर्ख म्हणत राहिला. मी समोर बसून बटाटे खात होतो."

फोनची दोरी त्याने बोटाभोवती इतकी गुंडाळली होती, की बोट पांढरं पडलं होतं.

"काय म्हणालास?… गोलच फिरवला होतास? लाईल, मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस… हसू नकोस. सरळ सांग… आठवत नाही? एक्केचाळीस वर्षं झाली, आणि तुला आठवत नाही?"

त्याने बोटावरची दोरी सोडवली आणि पुन्हा खिडकीकडे वळला.

"कोठारात आहेत. ओट्सच्या धान्यपेटीमागे, पोत्यात. चारही… हो, यंत्र विकायच्या आदल्या दिवशी काढून ठेवले. म्हटलं, कुणाच्याच ट्रॅक्टरवर चढायला नको… घेऊन येतो शनिवारी. पण ऐक, सीटवर तू बसायचं. खाली रोलरांपाशी मी… अरे, एका हाताने दांडा ओढता येतो. तू तर कुदळसुद्धा चालवतोस… हो. आणि मी हात वर केला, की थांबायचं. हा असा. वर… हं. ठेवतो."

त्याने फोन जागेवर ठेवला. मग त्याच्या लक्षात आलं, दुसरा हात अजून वरच होता. आणि तिकडे तो कुणाला दिसलाच नव्हता.