डावा इंडिकेटर

ग्राहक मंचाच्या बाकावर शीतल नंबराची वाट बघत होती. शेजारी एक स्कूटरवाला बिघडलेल्या मिक्सरची तक्रार घेऊन आलेल्या म्हातारीशी बोलत होता.

"गॅरेजवाल्यानं नव्या स्विचचं बिल दिलं, आजी, आणि बसवला अपघातातल्या स्कूटरचा. आता कबूल करतोय. बदलून घेणं माझा हक्क आहे."

"चलता मां तो?"

"चालतो. पण रोज संध्याकाळी आमोण्याच्या फाट्यावर डावा इंडिकेटर आपोआप लागतो. मी तर सरळ जातो."

"किती वाजता?"

"सहाला."

"ती अपघातातली स्कूटर तांबडी होती काय?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझो पोरगो गणपत त्याच स्कूटरीवरून सहाक च्या पिऊक घरी येय."

"फाट्यावरून डावीकडे तुमचं घर?"

"स्विच बदलून घे, बाबा. तो तुझो हक्क. पण आज एकदा डावीकडे वळ. मी च्या ठेवतंय."