पलंगाखालचा सायलेन्सर

(दुपारची शांतता. फरशीवर पाना खणकन पडतो.)

बायको : हळू. आत्ता कुठे चिऊचा डोळा लागलाय. सकाळपासून छातीत घरघर चाललीये तिच्या.

नवरा : निसटला गं. तिच्या पलंगाखालचा जुना सायलेन्सर तेवढा ओढून दे. उद्या बाइकची धुराची तपासणी आहे.

बायको : आला का वार्षिक समारंभ?

नवरा : कंपनीचा आहे तो, धूर गाळणारी आतली जाळी शाबूत. लावला की मशीन एका फटक्यात पास करतं.

बायको : आणि घरी आलास की परत तो बोंबल्या सायलेन्सर.

नवरा : त्याला दम म्हणतात. गाडी कशी उचलते, माहितीये?

बायको : माहितीये ना. या सिग्नलपासून त्या सिग्नलपर्यंत.

नवरा : गेल्या वर्षी तपासणारा म्हणाला, इतका स्वच्छ धूर अख्ख्या दिवसात पाहिला नाही.

बायको : बिचारा. त्याला म्हणावं, एकदा सकाळी सातला आमच्या खिडकीखाली ये. तू खाली गाडी तापवतोस, वर ही खोकत उठते. गजर लावावा लागत नाही.

नवरा : सगळेच करतात. गॅरेजवाला म्हणतो, मशीनला फक्त त्या दिवशीचा धूर कळतो.

बायको : तुला तेवढाही कळत नाही. वर्षभर उंडारायचं आणि एक दिवस केस चापून शहाणं बाळ होऊन बसायचं. लबाडी करावी, पण निदान मिरवू नये.

नवरा : लबाडी कसली? गाडी तीच, इंजिन तेच.

बायको : छातीही तीच आहे, तिची. यंदा हा चढला की उतरवायचा नाही. उतरवलास, तर आम्ही दोघी माझ्या आईकडे. मी गंमत करत नाहीये.

नवरा : ...बघतो.

चिऊ : आई.

बायको : झालं, उठवलंस तिला.

चिऊ : मी झोपलेच नव्हते. बाबा गाडीला खोटं खोटं चांगलं करतात?

बायको : हो. तपासणीपुरतं. तू नको हं शिकूस.

चिऊ : पण सहलीच्या आधी शाळेत डॉक्टर तपासायला आले होते, तेव्हा तू मला फाटकाबाहेर श्वासाचा पंप दिलास. म्हणालीस, आता छातीतली शिट्टी ऐकू येणार नाही.

बायको : ते वेगळं, बाळा. तुला सहलीला जायचं होतं ना.

चिऊ : मग आई, डॉक्टरांना माझी कुठली छाती ऐकवायची?