स्टुलाची चिठ्ठी

...आणि लेक म्हणते, 'बरं आहे' म्हणायचं नाही! अहो, तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं कंबर दुखतेय माझी, आणि अकरा वर्षं कुणीही 'काय मास्तर, कसं काय?' विचारलं की माझं आपलं ठरलेलं, बरं आहे. दुसरं काय सांगणार? खरं सांगायला बसलो तर विचारणाऱ्याचा चहा गार होईल...

मी कापड कापतो, शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात. सोळा थर एकावर एक, वर खडूची रेघ, आणि दिवसभर टेबलापाशी उभं. तासाभरानं कमरेतून अशी कळ जाते की कात्री रेघ सोडते. परवा सोडली. सोळा बाह्या वाया! मालक ओरडले नाहीत, तेच वाईट. हळूच म्हणाले, "मास्तर, बसून काम करू द्या अशी डॉक्टरांची चिठ्ठी आणा, उंच स्टूल देतो. नाहीतर सोमवारपासून मला दुसरा माणूस बघावा लागेल."

घरात लपून काही नाही. मोजे बायको चढवते. शिंक आली की मी आधी भिंत शोधतो, मग शिंकतो. नात पूर्वी 'आजोबा, उचला' म्हणायची, आता म्हणतच नाही, सरळ आजीकडे जाते... ते मात्र फार लागतं हो मनाला. पण कुणी विचारलं की? बरं आहे.

म्हणून लेकीनं तालीम घेतली. "बाबा, डॉक्टर म्हणतील कसं काय, तर काय सांगायचं?" "बरं..." "बाबा!" "दुखतंय." "किती?" "जरासं..." "जरासं नाही, फार!" बसमध्ये पुटपुटत गेलो, फार दुखतंय, फार दुखतंय... शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

दवाखान्यात दीड तास बाकावर. कमरेचं लाकूड झालेलं. नंबर आला, भिंत धरत, जीव मुठीत घेऊन आत गेलो. डॉक्टर खाली मान घालून लिहितायत. आता विचारतील कसं काय, मी तयारच... आणि तुम्हाला सांगतो, त्यांनी ते विचारलंच नाही! पेनानं खुर्ची दाखवली. इतकी बसकी खुर्ची, की बसलो असतो तर उठवायला दोन माणसं लागली असती. म्हणाले, "बसा."

आता ह्याची तालीम कुठे झाली होती?

"नको नको, डॉक्टर, मी उभाच बरा आहे."

त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं. मग मी दुखतंय म्हणालो, फार म्हणालो, सगळं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, कामावर द्यायला चिठ्ठी हवी म्हणालो. गोळ्या मिळाल्या, चिठ्ठी मिळाली. मी ती न वाचताच खिशात घातली.

मालकांनी काल सगळ्यांसमोर वाचली. "जुनी कंबरदुखी. रुग्णास बसण्यापेक्षा उभे राहणे बरे वाटते. काम उभ्यानेच द्यावे." मशीनवरच्या बायका शिवता शिवता थांबल्या. मालक म्हणाले, "मास्तर, हे तुम्हीच सांगितलंत?" मी चिठ्ठी मागून घेतली, घडी घातली, परत खिशात.

उद्या शनिवार, शेवटचा दिवस. परत डॉक्टरांकडे जायचंय. लेक म्हणते, मी येते बरोबर, तुम्ही तोंडच उघडायचं नाही. बायको म्हणते, तोंडाला खडूनं रेघ मारून देते, तेवढ्यातच बोला. हसतात दोघी, पण रात्रभर झोप कुणालाच नाही...

अहो, हे काय? खुर्ची कशाला सरकवताय? नको नको... मी उभाच बरा आहे.