भरलेला गिलास

(अणदूर. रविवारची दुपार. स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी. आत शिवगंगा आणि तिची दहावीतली लेक वैष्णवी. बाहेर ओसरीवर शिवगंगाचा नवरा बजरंग पीत बसलाय, अंगठीनं गिलासावर टकटक करत.)

वैष्णवी : पदर दाब ओठावर, आई. लई रगत येतंय.

शिवगंगा : येऊ दे. तू कान दे तिकडं. माझा डावा कान तर दिवाळीतच गेला त्यांच्या थापडीनं, अन् उजव्यात आता नुसतं घुंई घुंई चाललंय.

वैष्णवी : वाजवतायत. आवाज जाड हाय. म्हंजी गिलास अजून भरलेला हाय.

शिवगंगा : हितं बसून कसं कळतंय गं तुला?

वैष्णवी : शाळंत गिलास मांडून वाजवले न्हाय का मी? मारलं की काच थरथरते, तिचा आवाज येतो. आत पाणी असलं की काचंला ओझं होतं, ती सावकाश थरथरते, मग आवाज खाली बसतो. गिलास रिकामा होत आला की चढतो. दारू असली तरी तेच.

शिवगंगा : त्या गिलासापायीच तर मार खाल्ला म्या. "माझे गिलास शाळंत नेऊन टाळ कुटती व्हय तुझी पोरगी," म्हनले.

वैष्णवी : चुकलं माझं. पण ऐक, आवाज चढला की आबा उठतात. दर बारीला ऐकलंय मी. अजून येळ हाय. मागच्या दारानं निघू. फाट्यावर सोलापूरची गाडी धरू, तिथनं तामलवाडी. मामा ठेवून घेतील.

शिवगंगा : अन् चार दिसांनी तुझा मामाच आणून सोडंल. मागल्या साली काय झालं? गप बस. पिऊन पडतील, मग झालं.

वैष्णवी : न्हाय बसणार मी गप! एक दिवस जिवं मारतील तुला!

बजरंग : अय! दार उघड! त्या पोरीला काढ भाईर. ज्या हातानं गिलास वाजवले ना, तोच मोडतो आज!

वैष्णवी : आई, आबा उठले कसे? गिलास भरलेला होता गं! नीट ऐकलं मी!

शिवगंगा : बराबर ऐकलंस. पिल्यामुळं मारत्यात, आसं वाटत हुतं व्हय तुला? लग्नाच्या दुसऱ्या दिशी सकाळी मारलंय मला. तोंडात राखुंडी हुती त्यांच्या, दारू नव्हती.

बजरंग : उघडती का घालू लाथ?

वैष्णवी : कडी निघाली, आई! आबा, सोडा! मनगट मोडंल! आई गं!

बजरंग : मोडायचंच हाय! वाजीव आता! वाजीव की!

शिवगंगा : सोडा तिला.

बजरंग : तू मधी पडू नको, न्हायतर दुसरा कान बी फोडीन.

शिवगंगा : सोड म्हनते ना! हे घे! अजून घे!

बजरंग : आयायाया! गुडघा फुटला! भवाने, मुसळ हाणलंस? नवऱ्याला?

शिवगंगा : व्हय, हाणलं. उठलास तर दुसऱ्या गुडघ्यावर बसंल.

वैष्णवी : चल आई, चल लवकर. मामाकडं...

शिवगंगा : मामाकडं न्हाय. आधी नळदुर्गच्या ठाण्यात. चपला घाल, अन् पुढच्या दारानं चल. गल्लीला बघू दे.